अमेरिकाना, फोक आणि इंडी रॉक ऐकायचंय? मग एक गाणं पकडा आणि त्याचा माग काढा

अमेरिकन फोक, अमेरिकाना, इंडी रॉक वगैरे ऐकायला सुरुवात करायची म्हटलं की बहुतेक जण 'बेस्ट 100 अल्बम' टाइपची एखादी लिस्ट शोधतात, वरून खाली ऐकायला घेतात आणि सातव्या-आठव्या अल्बमला कंटाळून सोडून देतात, कारण तोवर सगळं सारखंच वाटायला लागतं, कोणीतरी गिटार घेऊन नाकात गातंय, मागे फिडल कुरकुरतंय आणि शब्द निम्मे डोक्यावरून जातायत. यात ऐकणाऱ्याचा काही दोष नाही. हे संगीत लिस्टमध्ये मावणारं नाहीच. इथे एक गाणं दुसऱ्या गाण्यातून निघतं, एक जण दुसऱ्याचं उचलतो, दोन कडवी गाळतो, तीन घालतो, पुढच्याला देतो, आणि ही देवाणघेवाण दिसायला लागली की मग खरी गोडी लागते. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की कलाकाराच्या किंवा जॉनरच्या मागे लागू नका, एक गाणं धरा आणि ते कुठून आलं, कुठे गेलं हे शोधत जा. आपल्याला याची सवय आहेच की, एकच अभंग आपण वारकऱ्यांच्या तोंडून, मैफलीत आणि भजनी मंडळात ऐकतो आणि प्रत्येक वेळी तो वेगळा लागतो, तोच कान इथे लावायचाय.

कशाला काय म्हणतात ते थोडक्यात सांगतो आणि पुढे जातो, कारण यावर वाद घालण्यात लोकांची वर्षं जातात. फोक म्हणजे आधी तोंडोतोंडी चालत आलेली गाणी, आणि मग वुडी गथ्री, पीट सीगर या गायक-गीतकारांच्या काळापासून त्या चालीवर नव्याने लिहिलेली सुद्धा. अमेरिकाना म्हणजे कंट्री, ब्लूज, गॉस्पेल (चर्चमधली गाणी), ब्लूग्रास (बँजो-फिडलवालं वेगवान कंट्री) आणि रॉक एकमेकांत मिसळून झालेलं, रेडिओवरच्या चकचकीत कंट्रीच्या बाहेर राहिलेलं संगीत. त्याची संघटना नॅशव्हिलमध्ये 1999 ला निघाली आणि ग्रॅमीमध्ये त्याचं स्वतंत्र बक्षीस 2010 ला पहिल्यांदा दिलं गेलं, ते लेव्हन हेल्मला मिळालं. हा लेव्हन हेल्म 'द बँड' याच नावाच्या बँडचा ड्रमर, आर्कान्सॉचा, आणि ज्या द बँडला सगळे अमेरिकानाचा पाया मानतात त्यातले बाकीचे चौघं कॅनडाचे होते, तेव्हा नावावर जास्त अडून बसू नका. इंडी रॉक म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बाहेर, छोट्या लेबलांवर आणि कॉलेज रेडिओवर 1980 च्या आसपास वाढलेलं रॉक. तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध ते खाली येतंय.

पायरी 1: एक गाणं, चार आवाज

पहिलं गाणं असं घ्या जे खूप जणांनी गायलंय. 'इन द पाइन्स' घ्या असं मी सांगेन. निर्वाणा हा रॉक बँड आवडणाऱ्यांना हे 'व्हेअर डिड यू स्लीप लास्ट नाइट' या नावाने माहीत असतं, 18 नोव्हेंबर 1993 ला न्यूयॉर्कमध्ये एमटीव्ही अनप्लग्डचं रेकॉर्डिंग झालं त्यातलं शेवटचं गाणं. आधी तेच लावा. निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन पहिली कडवी जवळजवळ पुटपुटतो, एकाच पातळीवर, आणि शेवटच्या कडव्यात तोच सूर एक सप्तक वर नेतो, आवाज फाटतो, आणि अगदी शेवटच्या ओळीत मध्येच थांबून श्वास घेतो. तो श्वास नीट ऐका.

मग मागे जा. 1990 मध्ये मार्क लॅनेगन या रॉक गायकाने हेच गाणं आपल्या अल्बमवर गायलंय आणि त्यात गिटारवर कोबेनच आहे, म्हणजे अनप्लग्डच्या तीन वर्षं आधीपासून हे गाणं त्याच्याकडे होतं. कोबेनने ते घेतलं लेड बेलीकडून. लेड बेली, खरं नाव हडी लेडबेटर, लुइझियानाचा काळा गायक, बारा तारांची गिटार वाजवायचा. जॉन लोमॅक्स आणि त्याचा मुलगा अॅलन हे लोकगीतं रेकॉर्ड करत फिरत होते, त्यांना तो 1933 मध्ये लुइझियानातल्याच अँगोला नावाच्या तुरुंगात भेटला. त्याचं 1944 चं रेकॉर्डिंग लावलं की लगेच लक्षात येतं की कोबेनने चाल जवळपास तशीच ठेवलीय पण लेड बेली ओरडत नाही, तो विचारतो. एक माणूस बाईला विचारतोय की काल रात्री कुठे होतीस, ती सांगतेय पाइनच्या रानात होते जिथे ऊन पोचत नाही, आणि मध्येच तिच्या नवऱ्याचं रेल्वेखालचं मरण येतं आणि कोणी काहीच स्पष्टीकरण देत नाही.

आता बिल मन्रोचं 1941 चं ऐका. हा गोरा, केंटकीचा, ब्लूग्रासचा जनक. इथे नवरा नाही, चौकशी नाही, आहे ती लांबलचक आगगाडी आणि सोडून गेलेली मुलगी, आणि कडव्यांच्या मध्ये वरच्या पट्टीत घुमणारे आवाज की वारा वाहतोय की कोणी रडतंय कळत नाही. माझ्या मते सगळ्यात थंडगार हेच व्हर्जन आहे, निर्वाणापेक्षाही. या सगळ्यांच्या आधी, 1926 मध्ये डॉक वॉल्श नावाच्या बँजोवाल्याने ते रेकॉर्ड केलं होतं आणि त्याच्याही आधी ते डोंगराळ भागात कित्येक वर्षं फिरत होतं. सगळ्यांत ठेका तीन मात्रांचा, वॉल्ट्झचा, दादरा ऐकलेल्या कानाला तो झोका लगेच सापडतो.

हे करताना एक प्लेलिस्ट बनवा, नाव गाण्याचंच द्या आणि व्हर्जन सालाप्रमाणे लावा. एकेक व्हर्जन संपलं की एकच ओळ लिहून ठेवा, कोण बोलतंय, कोणाशी, आणि आधीच्यातलं काय गायब झालं. कंटाळवाणं वाटेल पण 'गायब काय झालं' हा प्रश्न फार कामाचा आहे, गाणाऱ्याची निवड त्यातच दिसते. शोधायला सेकंडहँडसाँग्ज नावाची साइट आहे, तिथे गाणं टाकलं की कोणी कोणी कधी गायलं ते मिळतं. फक्त नावं बदलत राहतात हे ध्यानात ठेवा, हेच गाणं 'ब्लॅक गर्ल' या नावाने पण सापडेल.

पुढची दोन गाणी याच पद्धतीने करा. 'हाउस ऑफ द रायझिंग सन', अॅनिमल्सचं 1964 चं सगळ्यांनी ऐकलेलं असतं, तिथून मागे जाऊन अॅलन लोमॅक्सने 1937 मध्ये केंटकीत मिडल्सबरोला रेकॉर्ड केलेली जॉर्जिया टर्नर ऐका, 16 वर्षांची मुलगी, साथीला काही नाही, फक्त आवाज. आणि 'टॉम डूली', किंग्स्टन ट्रिओचं 1958 चं गोडगोड हिट, ज्याच्या मागे 1866 चा खरा खून आहे आणि 1868 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात टॉम डुला नावाच्या माणसाला झालेली खरी फाशी आहे. ग्रेसन आणि व्हिटर यांनी 1929 ला गायलेलं त्याचं रूप ऐकलं की गोडवा उतरतो.

आणि एक गाणं तर तुमच्याकडे आधीपासूनच आहे. 'हम होंगे कामयाब' शाळेत गायलं नाही असा माणूस सापडायचा नाही. त्याचं मूळ 'वी शॅल ओव्हरकम', जे साउथ कॅरोलायनात चार्ल्स्टनच्या सिगार कारखान्यातल्या काळ्या कामगार बायांनी 1945-46 च्या संपात गायलं, तिथून ते टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूलमध्ये आलं, तिथल्या झिल्फिया हॉर्टनने ते पीट सीगरला शिकवलं, गाय कॅरवॉनने 1960 मध्ये विद्यार्थी आंदोलनात नेलं, आणि हिंदीत गिरिजाकुमार माथुरांनी आणलं. सीगरचं रेकॉर्डिंग लावून बघा, लोकांकडून तो गाणं कसं काढून घेतो ते ऐका, पुढची ओळ आधी बोलून देतो म्हणजे कोणालाही शब्द पाठ नसले तरी गाता यावं.

पायरी 2: जुन्या रेकॉर्डची खरखर सहन करायला शिका

इथे बरेच जण गळतात. 1920-30 ची रेकॉर्डिंग ऐकताना खरखर इतकी असते की गाणं त्याच्या आड वाटतं. माझा उपाय साधा आहे, हेडफोन काढा आणि छोट्या स्पीकरवर कमी आवाजात लावा, खरखर मागे जाते आणि आवाज पुढे येतो, आणि सलग चार-पाच गाणी ऐका, एकेक सुटं ऐकलं तर कान बसतच नाही. त्या रेकॉर्डवर साधारण तीन मिनिटंच मावायची हे पण लक्षात ठेवा, वीस कडव्यांचं गाणं तीन मिनिटांत बसवायचं तर कात्री लागणारच, म्हणून गोष्ट अचानक उडी मारते.

इथे एकच संग्रह घ्या, 'अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक'. हॅरी स्मिथ नावाच्या विक्षिप्त माणसाने स्वतःकडच्या जुन्या रेकॉर्डमधून 84 गाणी निवडली आणि 1952 मध्ये फोकवेज कंपनीने ती काढली. गाणी साधारण 1927 ते 1932 मधली, म्हणजे विजेवर चालणारं रेकॉर्डिंग आल्यामुळे आवाज नीट पकडता यायला लागला तिथपासून ते मंदीमुळे ही विक्री बसली तिथपर्यंत. त्या काळात कंपन्या काळ्यांच्या रेकॉर्ड 'रेस' म्हणून आणि गोऱ्या गावकऱ्यांच्या 'हिलबिली' म्हणून वेगळ्या विकायच्या, जरी गाणारे एकमेकांचं ऐकत, उचलत होते. स्मिथने कोण काळा कोण गोरा हे लिहिलंच नाही. ऐकणाऱ्यांना ओळखू पण येईना. तुम्हीही माहिती न वाचता ऐका आणि मगच बघा.

त्यातला मिसिसिपी जॉन हर्ट मला सगळ्यात जवळचा. 1928 मध्ये थोडी गाणी रेकॉर्ड केली आणि परत शेतीत गेला. त्याच्या एका गाण्यात अॅव्हलॉन गावाचं नाव होतं, त्या एका धाग्यावरून 1963 मध्ये एक चाहता मिसिसिपीतल्या अॅव्हलॉनला पोचला तर हा माणूस तिथेच होता, सत्तरीत, बोटं तशीच चालत होती. त्यानंतर तीन वर्षं तो गायला, न्यूपोर्ट फोक फेस्टिव्हलला गायला, 1966 मध्ये गेला. त्याचं 1928 चं आणि 1963 नंतरचं एकच गाणं शेजारी शेजारी लावा, अंगठ्याचा ठेका अजिबात हललेला नाही, आवाज मात्र जास्त मऊ झालाय.

फोकवेज आता स्मिथसोनियन संस्थेकडे आहे, 1987 पासून, आणि त्यांच्या साइटवर जुन्या अल्बमच्या माहितीपुस्तिका फुकट डाउनलोड होतात. त्या जरूर वाचा, कोणत्याही लेखापेक्षा त्यात जास्त मिळतं. मोझेस अॅशने 1948 ला ही कंपनी काढली तेव्हापासून एकही रेकॉर्ड बाद करायची नाही हे धोरण ठेवलं, म्हणून दोन हजारांहून जास्त अल्बम आजही मिळतात. अॅलन लोमॅक्सची रेकॉर्डिंग त्याच्या संस्थेच्या ऑनलाइन आर्काइवमध्ये फुकट ऐकता येतात. 1959 च्या दौऱ्यातला फ्रेड मॅकडॉवेल शोधा, मिसिसिपीतल्या कोमो गावचा शेतकरी, दिवसभर कापूस वेचून संध्याकाळी वाजवलेली स्लाइड गिटार.

पायरी 3: वाद्यं वेगळी ऐकू यायला हवीत

सगळं सारखं वाटतं त्याचं खरं कारण हे असतं की कानाला वाद्यं सुटी करता येत नाहीत. एका वेळी एकच वाद्य धरा.

बँजोपासून सुरू करा. हे वाद्य पश्चिम आफ्रिकेतल्या वाद्यांवरून गुलामांनी अमेरिकेत बनवलं, नंतर ते गोऱ्या डोंगराळ लोकांचं म्हणूनच ओळखलं गेलं. पाचवी तार आखूड असते, ती मध्ये मध्ये एकच सूर देत राहते, आपल्या कानाला हे लगेच जवळचं वाटतं. वाजवायच्या दोन पद्धती ओळखा. क्लॉहॅमर म्हणजे नखाने खाली मारायचं, त्यात टपटप असा उसळता ठेका येतो. दुसरी अर्ल स्क्रग्जची तीन बोटांची, तो 1945 च्या अखेरीला बिल मन्रोच्या बँडमध्ये आला आणि सगळ्यांची झोप उडवली, सुरांची सर बरसते नुसती. पहिल्या पद्धतीसाठी ऱ्हियानन गिडन्स ऐका. कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हा तिचा बँड, नॉर्थ कॅरोलायनातल्या जो थॉम्पसन या म्हाताऱ्या काळ्या फिडलवादकाच्या घरी जाऊन जाऊन हे लोक शिकले आणि काळ्या स्ट्रिंग बँडची विसरलेली परंपरा परत उभी केली. 2024 च्या बियॉन्सेच्या 'टेक्सास होल्ड एम' मधला बँजो तिचाच.

मग मेबेल कार्टरची गिटार. 1927 च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीच्या राल्फ पीरने टेनेसीतल्या ब्रिस्टल गावात तात्पुरता स्टुडिओ लावला, तिथे कार्टर फॅमिली (हा मेबेलचा घरचाच बँड) आणि जिमी रॉजर्स एकाच आठवड्यात रेकॉर्ड झाले, कंट्रीचा जन्म तिथे झाला असं म्हणतात. मेबेल अंगठ्याने जाड तारांवर चाल वाजवते आणि उरलेल्या बोटांनी वरच्या तारांवर ठेका देते, म्हणजे एकटीच दोघींचं काम करते. 1928 चं 'वाइल्डवुड फ्लॉवर' लावा आणि फक्त खालचे जाड सूर ऐका, चाल तिथे आहे. एकदा हे कानाला सापडलं की पुढच्या किती फोक गिटारवाल्यांत ते ऐकू येईल सांगता येत नाही.

स्टील गिटारचा धागा आपल्यापर्यंत येतो. कंट्रीमध्ये जो रडवेला, घसरत जाणारा सूर येतो तो पायाने पट्ट्या दाबत वाजवायच्या पेडल स्टील गिटारचा, आणि तिचं मूळ हवाईमध्ये. गिटार आडवी ठेवून धातूची पट्टी फिरवायची ही हवाईची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकाभर पसरली आणि तीच पुढे ताऊ मो या हवाईच्या कलावंताने 1940 च्या दशकात कलकत्त्यात राहून लोकांना शिकवली. व्हॅन शिप्ले, सुनील गांगुली यांनी वाजवलेली फिल्मी गाण्यांची हवाईयन गिटार ऐकत जी पिढी मोठी झाली तिला पेडल स्टील परकी वाटायचं कारणच नाही. दोन्ही टोकं एकत्र ऐकायची असतील तर राय कूडर आणि विश्वमोहन भट यांचं 1993 चं 'अ मीटिंग बाय द रिव्हर', दोघं रेकॉर्डिंगच्या अगदी थोडा वेळ आधी पहिल्यांदा भेटले होते आणि त्याला ग्रॅमी मिळालं.

पायरी 4: आता पूर्ण अल्बम, शब्द समोर ठेवून

इथपर्यंत सुटी गाणी झाली. आता एक अल्बम आठवडाभर, शफल बंद, शब्द समोर उघडे. ही गाणी निम्मी गोष्टी असतात, शब्द सुटले तर उरतं काय. पहिल्यांदा वाचू नका, नुसतं ऐका, दुसऱ्यांदा वाचत ऐका, तिसऱ्यांदा परत नुसतं ऐका.

रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 'नेब्रास्का' पहिलं घ्या. जानेवारी 1982, न्यू जर्सीतलं भाड्याचं घर, चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर, एक माणूस. ही नुसती बँडला ऐकवायची कच्ची टेप होती. नंतर बँडबरोबर स्टुडिओत करून बघितलं, जमेना, टेपमध्ये जे होतं ते येईना, शेवटी तीच कॅसेट अल्बम म्हणून काढली. त्यातलं 'हायवे पेट्रोलमन' घ्या. एक पोलीस आणि त्याचा वाया गेलेला भाऊ. पोलीस सांगतोय, आवाज चढत नाही, राग नाही, रिपोर्ट लिहितोय तसं. भाऊ मारामारी करून गाडी घेऊन पळतो, हा मागे लागतो, आणि कॅनडाची हद्द जवळ आल्यावर हा रस्त्याच्या कडेला गाडी थांबवतो आणि भावाला जाऊ देतो. बस. चांगलं केलं का वाईट केलं, एक अक्षर नाही. गिटार सगळं गाणंभर तेच ते वाजत राहते, त्या क्षणी सुद्धा बदलत नाही, आणि मला वाटतं म्हणूनच ते इतकं लागतं.

दुसरा जॉन प्राइनचा 1971 चा पहिला अल्बम. शिकागोजवळ पोस्टमन होता, टपाल वाटता वाटता गाणी लिहायचा. 'हेलो इन देअर' हे म्हाताऱ्या जोडप्याचं गाणं त्याने विशीत लिहिलंय यावर विश्वास बसत नाही, तरणी माणसं म्हाताऱ्यांशी बोलत नाहीत एवढीच गोष्ट आणि इतक्या साध्या शब्दांत की इंग्रजी जेमतेम येणाऱ्यालाही कळावं. इंग्रजी गाण्यांतल्या शब्दांची धास्ती असेल तर सुरुवात प्राइनपासूनच करा.

तिसरा गिलियन वेल्चचा 'टाइम (द रेव्हलेटर)', 2001. दोन माणसं, दोन गिटार, दोन आवाज. डेव्हिड रॉलिंग्जची छोटीशी जुनी गिटार आवाजाच्या अवतीभवती फिरत राहते, कधी बेसूर होईल की काय अशा जागी जाऊन परत येते. शेवटचं गाणं चौदा मिनिटांच्या वर आहे, तेव्हा ते रात्रीसाठी ठेवा. गीतकार-गायक टाउन्स व्हॅन झँटचं ह्यूस्टनच्या ओल्ड क्वार्टर या बारमधलं 1973 चं लाइव्ह रेकॉर्डिंग पण याच रांगेत, मागे ग्लासांचा किणकिणाट ऐकू येतो इतकं लहान ठिकाण.

पायरी 5: क्रेडिट वाचा, इंडी रॉक तिथूनच सापडतं

फोक आणि इंडी रॉक वेगळी दुकानं वाटतात ना, तर एक साखळी दाखवतो. आर.ई.एम. हा जॉर्जियातल्या अथेन्स या कॉलेजच्या गावातला बँड. गिटारवाला पीटर बक तिथल्या रेकॉर्डच्या दुकानात कामाला होता. त्यांचा 1983 चा 'मर्मर' लावा, शब्द पुटपुटलेले आहेत पण गिटार तारा सुट्या करून किणकिणते, बर्ड्स या 1960 च्या फोक-रॉक बँडसारखी. हाच पीटर बक पुढे अंकल टुपेलो या इलिनॉयच्या पोरांच्या अल्बमचा प्रोड्यूसर झाला, अल्बमचं नाव 'मार्च 16–20, 1992', म्हणजे ज्या पाच दिवसांत तो रेकॉर्ड केला तेच, आणि त्यात निम्मी जुनी लोकगीतं आहेत. अंकल टुपेलोच्या 1990 च्या पहिल्या अल्बमचं नाव 'नो डिप्रेशन', जे कार्टर फॅमिलीने 1936 मध्ये गायलेलं गाणं आहे. पंक ऐकून वाढलेली मुलं कार्टर फॅमिली गातायत! हा बँड 1994 ला फुटला, त्यातून सन व्होल्ट आणि विल्को निघाले. आणि विल्कोने 1998 मध्ये इंग्लिश गायक बिली ब्रॅगबरोबर 'मरमेड अॅव्हेन्यू' केला, वुडी गथ्रीने लिहून ठेवलेल्या पण चाल नसलेल्या कवितांना त्याच्या मुलीच्या सांगण्यावरून चाली लावल्या. म्हणजे इंडी रॉकचा धागा ओढत गेलात तर हातात वुडी गथ्री येतो.

अशी साखळी तुम्हालाही काढता येते. अल्बम आवडला की डिस्कॉग्ज या रेकॉर्डची माहिती देणाऱ्या साइटवर जाऊन तीन गोष्टी बघा, प्रोड्यूसर कोण, लेबल कोणतं, आणि साथीला कोण आहे. त्यातलं एक नाव पकडून पुढचा अल्बम निवडा. अॅपच्या शिफारशींवर मी फारसा विसंबत नाही, त्या सारखा आवाज शोधतात, नातं शोधत नाहीत, त्यामुळे वॅक्साहॅची ही हल्लीची गायिका ऐकणाऱ्याला तिच्या आधीची लुसिंडा विल्यम्स मिळेल पण 1920 च्या ब्लूजपर्यंत काही पोचवत नाहीत. नातं शोधलं तर बघा, वॅक्साहॅचीच्या 'सेंट क्लाउड' वर, 2020 चा, लुसिंडाची छाया सरळ दिसते, लुसिंडाचा मोठा अल्बम 1998 चा 'कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड', आणि तिचा अगदी पहिला अल्बम 1979 ला फोकवेजवरच निघाला, त्यात जुना ब्लूजवाला रॉबर्ट जॉन्सन आणि कार्टर फॅमिलीची गाणी. परत तिथेच आलो.

विल्कोचा 'यांकी होटेल फॉक्सट्रॉट' मात्र वेगळा बसून ऐका. कंपनीला तो आवडला नाही, बँड अल्बम घेऊन बाहेर पडला, सप्टेंबर 2001 मध्ये आपल्या वेबसाइटवर फुकट ऐकायला ठेवला आणि एप्रिल 2002 ला दुसऱ्या लेबलने काढला, दोन्ही लेबलं एकाच वॉर्नर समूहाची. आतली गाणी मुळात साधी फोक गाणी आहेत, गिटारवर एकट्याने म्हणता येतील अशी, आणि त्यांच्यावर रेडिओची खरखर, तुटके सूर टाकलेत. 'पुअर प्लेसेस' च्या शेवटी शॉर्टवेव्ह रेडिओवरची एक बाई तेच तीन शब्द परत परत म्हणते, अल्बमचं नाव तिथून आलंय. आवाजाच्या गोंधळाखालचं साधं गाणं ऐकू यायला लागलं की इंडी रॉक समजायला लागलं असं समजा.

लेबलांच्या मागे पण जाता येतं, नॉर्थ कॅरोलायनाचं मर्ज, न्यूयॉर्कचं मॅटाडोर, ओमाहाचं सॅडल क्रीक, इंडियानाचं जॅगजगुवार. जॅगजगुवारवर बॉन इव्हेर, ज्याचा पहिला अल्बम विस्कॉन्सिनमध्ये वडिलांच्या शिकारीच्या झोपडीत हिवाळ्यात एकट्याने केला. हल्लीचे म्हणाल तर बिग थीफ आणि त्यांची एड्रियन लेंकर एकटी गाते ते अल्बम आधी, मग एम. जे. लेंडरमन.

पायरी 6: रोजची सोय

एनपीआर या अमेरिकन सार्वजनिक रेडिओचे टाइनी डेस्क आणि सिएटलच्या केईएक्सपी रेडिओचे लाइव्ह सेशन यूट्यूबवर आहेत, वाद्यं हाताळताना दिसतात म्हणून पायरी 3 नंतर हे बघणं फार फायद्याचं. ग्रँड ओल ऑप्री 1925 पासून चालू असलेला रेडिओ शो, डब्ल्यूएसएम स्टेशनवर ऑनलाइन ऐकता येतो, तिकडची शनिवार संध्याकाळ म्हणजे आपली रविवार पहाट, साडेपाच किंवा तिकडच्या हिवाळ्यात साडेसहा, चहाबरोबर मस्त लागतो. आवडलेला अल्बम शक्यतो बँडकॅम्पवर, जिथे कलाकार स्वतः अल्बम विकतात, विकत घ्या, स्ट्रीमिंगमधून या लोकांच्या हातात फारच कमी पडतं आणि छोट्या कलाकाराला एका अल्बमच्या विक्रीने खरंच फरक पडतो.

अमेरिकेत असाल तर स्टेडियमचे शो सोडा, छोट्या जागा शोधा. नॅशव्हिलला गेलात तर ब्लूबर्ड कॅफे, शंभरच्या आत खुर्च्या, तीन-चार गीतकार मध्ये गोल बसून आळीपाळीने गातात आणि गाणं कसं सुचलं ते सांगतात, तिथे बोलायचं नाही, कुजबुज सुद्धा नाही. ब्लूग्राससाठी तिथलाच स्टेशन इन क्लब. इकडे मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत 2011 ला महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल सुरू झाला, ब्लूज गिटारवाला बडी गाय तिथे वाजवून गेलाय, आणि पुण्यात 2010 ला सुरू झालेल्या वीकेंडर या संगीत महोत्सवामुळे आपल्याकडच्या इंडी बँडना मोठं स्टेज मिळालं.

आणि घरात गिटार धूळ खात पडली असेल तर खाली काढा. हे संगीत वाजवून बघण्यासाठीच आहे. जी, सी आणि डी हे तीन कॉर्ड आले की वुडी गथ्री आणि कार्टर फॅमिलीची बरीचशी गाणी वाजतात, पायरी 1 मधल्या प्लेलिस्टमधलं एखादं घ्या, कोणत्या व्हर्जनची कडवी ठेवायची ते तुम्ही ठरवा, आणि पट्टी गळ्याला जमत नसेल तर कॅपो (गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा) लावा.